नानांना खाली, प्रांजलीला वर!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मध्ये दलाल असला तरी घर घेताना ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कुणी फसवू शकत नाही! कारण आमच्याकडे एक हत्यार आहे. त्याला परवाना लागत नाही, धार लावावी लागत नाही आणि समोरच्याला ते दिसतही नाही. मराठी! सगळं गाव हिंदी बोलतं, त्यामुळे साडीच्या दुकानात बसून दुकानदाराकडे गोड हसत "रंग जाणार हिचा, ऊठ!" असं खुशाल म्हणता येतं. आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या याच हत्याराच्या जोरावर अख्खा सराफा नमवलाय.

म्हणून मी नवऱ्याला, शंतनुला, छातीठोकपणे म्हटलं, "त्या दलाल भदौरियाला मी बघते. तू फक्त मान हलव!"

घर हवं होतं ते माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे नानांसाठी. आम्ही दाणा ओळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि जिना असा की घोरपडीनंही दोर मागावा. नानांच्या गुडघ्यांनी दसऱ्यालाच हात टेकले. तेव्हापासून नाना खिडकीत बसून खालचा रस्ता बघतात, पिंजऱ्यातल्या राघूनं समोरचा पेरू बघावा तसे. तक्रार करत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "सूनबाई, पायाला माती लागून किती दिवस झाले गं?" त्या दिवशी माझ्या हातची पोळी तव्यावरच करपली.

तर भदौरियाजी! आम्ही म्हटलं तळमजला, त्यांनी दाखवला तिसरा.

"भैया, ग्राउंड फ्लोर बोला था!"

"भाभीजी, ग्राउंड फ्लोर ही है। बस, थोड़ा ऊँचा है। हवा देखो, हवा!"

दुसरं घर खरोखरच तळमजल्यावर होतं. दाल बाजारात, मिरच्यांच्या गोदामाच्या पाठीला पाठ लावून. शंतनु शिंकत आत गेला आणि रडत बाहेर आला. भदौरियाजी लगेच म्हणाले, "देखो, घर देखते ही भैया इमोशनल हो गए!"

तिसऱ्या घरी पुन्हा जिना! सोबत माझी नणंद प्रांजली होती. ती बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात कुंड्यांमध्ये जगते. तिला गच्चीजवळची खोली हवी होती. अर्ध्या जिन्यावर माझा दम संपला आणि मी हत्यार उपसलं. भदौरियाजींकडे बघून गोड हसले आणि शंतनुला म्हटलं, "नानांना खाली, प्रांजलीला वर! एवढं मिळालं की मी डोळे मिटून हो म्हणेन. पण याला कळू देऊ नकोस, भाव चढवेल!"

आता या माणसानं आयुष्यभर मराठी लोकांना घरं दाखवलेली. त्याला मराठी 'थोडा-थोडा' कळत होतं! अजिबात न कळणारा परवडतो, पूर्ण कळणाराही परवडतो. थोडं-थोडं कळणारा म्हणजे अर्धकच्ची डाळ, पोटात गेल्यावरच समजते. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. आणि 'वर' म्हणजे नवरामुलगा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "भाभीजी, आपके दोनों काम एक ही घर में करवा दूँ तो?"

खाली आणि वर, एकाच घरात! मी म्हटलं, "भैया, आपके मुँह में घी-शक्कर!"

"शिंदे की छावनी। आप ही के मराठी लोग हैं। बस, दीदी को ज़रूर लाना। साड़ी में।"

"मकान देखने में साड़ी कौन पहनता है, वहिनी?" प्रांजली फणकारली. "मी जीन्सच घालणार, हां!"

नानांना खुर्चीत बसवून शंतनुनं आणि शेजारच्यांनी पालखीसारखं खाली आणलं. रिक्षानं छावणीत पोचलो आणि मी दारातच विरघळले. सारवल्यासारखं नितळ अंगण, मध्ये कडुनिंब, त्याच्या बुंध्याशी दगडी ओटा आणि ओट्यावर कोवळं ऊन मांडी घालून बसलेलं. नानांनी वहाणा काढल्या. तळवे हळूच मातीला टेकवले. डोळे मिटले. जात्यावर बसल्यासारखं माझ्या मनात आपोआप आलं,

ओटा असावा दारी, ओट्याला ऊन गं,
थकल्या पावलांना माती घेते ओळखून गं!

ठरलं! घ्यायचं तर हेच!

घराचे मालक संभाजीराव. पूर्वज फौजेत होते हे त्यांच्या मिशांवरूनच कळत होतं. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी पोहे आणले, गुजिया आणल्या, चिवडा आणला, रव्याचे लाडू आणले. मी शंतनुला कोपर मारलं, "बघ! घर विकताना कोण एवढं करतं? खानदानी माणसं!" एका कोपऱ्यात त्यांचा मुलगा समरजीत नव्या शर्टात बसला होता, भांग इतका सरळ की पट्टी लावून पाडलेला.

शंतनु वीज खात्यातला माणूस. तो थेट मुद्द्यावर आला. आमच्या ग्वाल्हेरी मराठीत 'मकान' हिंदीसारखा 'तो' असतो, आणि तिथंच घात झाला.

"किती जुना आहे?"

संभाजीराव दचकले. "जुना? चैत्रात बत्तीस पूर्ण होतील."

"वाटत नाही हो!" मी म्हटलं. "छान ठेवलाय."

"जपलाच तसा," सुलोचनाबाई सुखावल्या.

"आधी कुणाला दाखवला होता?" शंतनु.

"झाशीचे एक येऊन गेले. उगाच खोट काढत बसले."

"पाया कच्चा वगैरे?"

"पाय?" संभाजीराव उसळले. "छे! शाळेत असताना सायकलवरून पडला होता. प्लास्टर केलं. आता सांगितल्याशिवाय कळायचं नाही!"

"कोपऱ्यावर सायकल आदळली असेल," शंतनु माझ्या कानात पुटपुटला. "प्लास्टर करून घेतलंय म्हणतात, बरं आहे."

ओट्यावरून नानांनी विचारलं, "उन्हाळ्यात तापतो का हो?"

"तापतो थोडा," सुलोचनाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "वडिलांवर गेलाय. पण गार पाणी दिलं की लगेच शांत."

"आणि जातीबितीचं आमच्याकडे काही नाही हं!" संभाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "माणसं चांगली पाहिजेत."

माझे डोळे भरून आले. मकान देताना एवढं मोठं मन!

तेवढ्यात प्रांजली उठली. "मी जरा वर बघून येते."

भदौरियाजी आनंदानं चीत्कारले, "देखा? दीदी ख़ुद बोल रही हैं, वर देखेंगी!"

"समर, जा, दाखव तिला," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि माझ्या कानाशी लागल्या, "मोकळी आहे हो मुलगी! आवडली मला."

जिना चढणारी मुलगी एवढी का आवडावी, हे मला काही कळलं नाही. पण माझं लक्ष नानांकडे होतं. त्यांच्या मांडीवर निंबाचं एक पान पडलं होतं आणि ते त्याला असं कुरवाळत होते जसं कुणाचं तान्हं पोर. मी शंतनुला डोळ्यांनी खुणावलं, पक्कं करून टाक!

शंतनुनं घसा साफ केला. "आता स्पष्टच बोलतो. ताबा आम्हाला पूर्ण पाहिजे. एकदा दिला की तुमचा हक्क संपला. मागाहून येऊन हे असं ठेवा, ते तसं ठेवा, असं चालणार नाही."

सुलोचनाबाईंचा पदर डोळ्यांना गेला. "अहो, एकुलता एक आहे हो तो!"

"आम्ही नीटच ठेवू," शंतनुनं धीर दिला. "दर दिवाळीला रंग देऊ."

"रंग?" संभाजीराव ताडकन उठले. मिशांची दोन्ही टोकं थरथरत होती. "माझ्या मुलाला रंग देणार? अहो, आमच्या घराण्यात आजवर कुणी घरजावई झालेला नाही!"

"मुलाला?" शंतनु.

"घरजावई?" मी.

सगळे भदौरियाजींकडे वळलो. त्यांच्या तोंडात गुजिया होती. ती तशीच ठेवून ते म्हणाले, "भाभीजी, आप ही ने तो बोला था! नानाजी को खाली, दीदी को वर! मैं मराठी समझता हूँ!"

मी मटकन खाली बसले. मराठीतल्या खाली! तरी एक आशा धरून विचारलं, "पण मकान तर विकायचा आहे ना?"

"मकान कोण विकतंय?" संभाजीराव गरजले.

"काकी साहब ने ख़ुद फोन पर बोला! मैंने पूछा, साहब हैं? मकान की बात करनी थी। बोलीं, खाली आहेत, खाली आहेत!"

"अरे, ते अंगणात होते!" सुलोचनाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "खाली होते म्हणून खाली म्हटलं!"

झालं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीवर नाना बसले होते. मी जवळ गेले. "नाना, चला. हा मकान विकाऊ नाही."

"मला कुठं विकत घ्यायचाय?" नाना डोळे न उघडता म्हणाले. "मी नुसता बसलोय."

मग नानांनीच डोळे उघडून संभाजीरावांच्या मिशांकडे कौतुकानं बघितलं. "तुमचे पूर्वज कुठल्या पथकात हो?"

बास! त्या घरात हा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारला नसावा. संभाजीराव आधी थबकले, मग नानांशेजारी बसले, मग घोड्यावर बसले. चहा आला, निवला, दुसरा आला, तरी पणजोबांचा घोडा चंबळ ओलांडायचाच होता. नाना मध्येच म्हणत, "वा! मग?" त्या प्रत्येक 'मग'नं संभाजीराव एकेका वर्षानं तरुण होत गेले.

प्रांजली गच्चीवरून उतरली ती हसू दाबत. माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, टेंशन मत लो. त्याची इंदूरला ऑलरेडी कोणीतरी आहे. काकूंना अजून नाही सांगितलंय. पण गच्ची एक नंबर, यार!"

निघायच्या वेळी संभाजीरावांनी नानांचा हात सोडलाच नाही. "विकणार तर नाही," ते म्हणाले. "पण या अंगणाला लागून तीन खोल्या आहेत, आत नुसत्या गाद्या रचल्यात. भाड्यानं राहा. अहो, नानासाहेब पाहिजेत मला इथं! घोडा अजून पाण्यातच आहे!"

सुलोचनाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "राहा हो, खरंच राहा! म्हणजे मला नाही ऐकावं लागणार!"

"तो खाली वाला काम हो गया," भदौरियाजींनी हात चोळले. "अब रही वर की बात..."

"भदौरिया!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

घरी आल्या आल्या मी आमच्या घरमालकाला फोन लावला. उगाच घोटाळा नको म्हणून अगदी शुद्ध हिंदीत, मोठ्यानं सांगितलं, "भाई साहब, हम ये मकान खाली कर रहे हैं।"

आतल्या खोलीतून नानांची हाक आली. "सूनबाई! काय म्हणालीस? हा मकान खाली करताय?"

"हो नाना!"

"तिसऱ्या मजल्यावरून?"

"हो!"

"अगं, मग हे दसऱ्यालाच करायचं नाही का! मला कशाला खुर्चीत घालून छावणीत फिरवलंत?"

नाना थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हे मला अजून कळलेलं नाही. मराठी मला थोडं-थोडं समजतं!