राकियाचा अपमान

"दुखतंय का?" डॉक्टरने विचारलं तेव्हा रादिसाव पँट काढून, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता. प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढायचा होता आणि त्याआधी बधिर करायचं इंजेक्शन नुकतंच टोचलं होतं. दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. पण उशाशी नर्स म्हणून स्लावित्सा उभी होती. चर्चमध्ये तिला हातांवर घेऊन तिचं नाव ठेवणारा धर्मपिता रादिसावच. त्याने तिच्यासमोर कण्हायचं म्हणजे काय?

"छे! मुंगी चावल्यासारखंसुद्धा नाही."

"वा, औषध लवकर चढलं. मग थांबायला नको," म्हणत डॉक्टरने तुकडा काढायच्या सुईचा चाप खट्कन दाबला.

रादिसाव असा बोंबलला की बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेले बाप्ये टोप्या सावरत जिन्याकडे पळाले. त्यांत त्याचा मेहुणा तिहोमिरही होता. "थोडं टोचेल" हे वाक्य ज्याने शोधून काढलं, त्याला एकदा त्या टेबलावर आडवं करायला हवं.

घरी रादिसाव दोन उशांवर बसून धुमसत होता. "भूल दिली म्हणे! भूल मला कुठली, त्या डॉक्टरलाच पडली होती!"

"आणि दुखत नाही, असं कोण म्हणालं?" त्याच्या बायकोने, देसांकाने विचारलं.

"मग काय स्लावित्सासमोर रडू?"

"तिच्यासमोर बोंबललास ते चाललं?"

रादिसाव आणखी चिडला. पण देसांका चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. "तिहोमिरचा रक्ताचा रिपोर्ट तुझ्यापेक्षा वाईट आहे. हिवाळ्यापासून टाळत होता, कसाबसा ओढून नेला होता मी. एकच भाऊ आहे मला. तूच त्याला पळवून लावलंस, आता तूच घेऊन ये."

तिहोमिर परसात भट्टीशी आलुबुखाराची घरची दारू, राकिया, गाळत बसला होता. रादिसावला पाहताच त्याने हात जोडले. "दाजी, एक शब्द बोलू नका. डुक्कर कापतानाही एवढा आवाज होत नाही!"

खरं सांगावं, असं रादिसावच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला देसांकाचे डोळे आठवले आणि समोरची बाटली दिसली.

"ते दुखलं म्हणून नाही ओरडलो."

"मग?"

"डॉक्टरला आपली राकिया नेली होती ना? तो म्हणाला, पातळ आहे."

तिहोमिरने पळी खाली ठेवली. भट्टी त्याच्या आजोबांची होती. "पातळ?"

"पाणी घातल्यासारखी."

"आणि हे तुम्ही तसे पडलेले असताना म्हणाला?"

"अंगावर पँटसुद्धा नव्हती रे."

"आणि तुम्ही नुसते ओरडलात? मी नरडं धरलं असतं त्याचं! उद्या बघतोच!"

दुसऱ्या दिवशी तिहोमिर सर्वांत कडक बाटली काखोटीला मारून हॉस्पिटलात हजर झाला. आता आलाच आहे तर तपासणीही उरकून टाक, असं देसांकाने रस्ताभर त्याच्या कानीकपाळी ओरडून कबूल करून घेतलं होतं. दाराशी रादिसाव हळूच म्हणाला, "त्यानं विचारलं तर खरं सांग बाबा. दुखत असेल तर दुखतंय म्हण. औषध चढू दे."

"मला शिकवू नका, दाजी."

दार लागलं. देसांका पर्स छातीशी धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने आतून डॉक्टरचा आवाज आला, "दुखतंय का?"

"हॅट्! मला?"

रादिसावने डोळे मिटून घेतले. मग खट् झालं, आणि पाठोपाठ अशी किंकाळी आली की बाकावरचे सगळे उठून उभे राहिले.

जरा वेळाने तिहोमिर पाय फाकवत बाहेर आला. चेहरा बिटासारखा लाल आणि डोळ्यांत पाणी. रादिसावकडे त्याने असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग तिहोमिरची नजर बहिणीकडे गेली, आणि तिथून जिन्याकडे निघालेल्या बाप्यांकडे.

"बसा रे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दुखत-बिखत काही नाही. माझ्या राकियालाही पातळ म्हणाला, हरामखोर."

सगळे पुन्हा बसले. एका म्हाताऱ्याने कोटाखालून डॉक्टरसाठी आणलेली आपली बाटली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरून नीट निरखून पाहिली.