विसावी ओढ

इमाम मास्तरांकडे चहाला जाणाऱ्याला आधी चहा मिळत नसे. आधी ताणकाटा मिळे. ओसरीच्या खांबाला कापसाच्या वखारीतला जुना स्प्रिंगचा काटा आडवा बांधलेला होता. त्याची कडी एका हाताने ओढायची, काटा किती शेरांवर गेला ते मास्तर खडूने भिंतीवर लिहायचे, मग शिट्टी वाजायची. शिट्टीला एक ओढ, अशा वीस. पहिल्या ओढीतून विसावी वजा केली की उरेल तो पाहुण्याचा थकवा. चहा त्यानंतर, कप धरता आला तर.

मुरुमच्या शाळेत ते कवायत शिकवत. निजामाच्या अमलात हुकूम उर्दूत देत, विलीनीकरणानंतर मराठीत देऊ लागले. दोन्ही राजवटींत पोरांचे पाय चुकतच होते. गावातलं बाकी विज्ञान शाळेच्या कपाटात बंद होतं आणि कपाटाची किल्ली हरवलेली होती. त्यामुळे स्नायूंच्या संशोधनात मास्तरांना स्पर्धक नव्हता.

मी शेजारी राहत असे आणि सोलापूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. माझी पहिली ओढ सोळा शेर, विसावी सात. "पेपरवाल्यांचं असंच," मास्तर म्हणाले. "मथळा मोठा, खाली मजकूर न्हाय."

शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी ईर्षेने वीसही ओढी मारल्या. दुपारी शेरा लिहायला बसले तेव्हा बोटं वळेनात. तो शेरा आजवर कोणाला वाचता आलेला नाही. शाळेने तो अनुकूल धरला.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मास्तरांना एक मुलगी होती. जुबेदाची आई ती लहान असतानाच वारली होती. मुलीचं वय बाविशीपुढे गेलं होतं, आणि स्थळ आलं की मास्तर नवऱ्या मुलाच्या हातातही कडी देत.

पहिला आला तो उमरग्याच्या लाकूडवाल्याचा मुलगा. दंड असे की सदऱ्याने तक्रार करावी. पहिल्या ओढीला काटा चाळीस शेरांपलीकडे गेला. पाहुण्यांनी वाहवा केली. विसाव्या ओढीला चौदा. "पहिली ओढ समदेच मारत्यात," मास्तरांनी निकाल दिला. "विसावी बघायची असती." दुसऱ्या मुलाचा बाप शिट्टी वाजताच उठला. "आमी मुलगी बघाया आलोय, बाजारात उभं राहाया न्हाय," म्हणाला आणि तोंडातल्या विड्यासकट निघून गेला. त्या दिवशी पडद्यामागून जुबेदाचा आवाज आला, "अब्बा, दामाद देखरै क्या बैल?"

मास्तर काट्याला तेल देत राहिले.

मग वर्षभर कोणी फिरकलं नाही. पुढे आला तो ढोकीचा रशीद. शिंपीकाम करणारा, अंगाने काडी, सोबत चुलता. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. चुलत्याने मला अंगणातच गाठलं.

"काटा अजून हाय का वो?"

मी आहे म्हणालो.

"मग पोरगी चांगली असंल. न्हायतर एवढा बंदोबस्त कशाला?"

रशीदची पहिली ओढ एकोणीस शेर भरली. मास्तरांनी आकडा असा लिहिला की खडू वाया गेल्याचं दुःख दिसावं. दहावी अकरावर आली. पुढच्या शिट्टीला त्याने कडी सोडून दिली.

"ओढ," मास्तर म्हणाले.

"न्हाय ओढत. हात भरून आला."

असं आजवर त्या ओसरीवर कोणी म्हणालं नव्हतं. तपासणीचे साहेबसुद्धा नाहीत. चुलत्याने कपाळाला हात लावला. पडद्यामागे बांगड्यांचा आवाज थांबला.

"दुकानात असा थकलास तर काय करतोस?"

"शेजारच्याला हाक मारतो. ये बाबा, गठ्ठा धरू लाग, म्हणतो."

"लाज न्हाय वाटत?"

"वाटती की. पण गठ्ठा खाली पडत न्हाय."

मास्तर ओसरीच्या कडेला बसले. पुढचं बोलले ते कोणाकडेही न बघता.

"हिच्या आईला ताप डोक्यात गेला तवा बैलगाडी चिखलात रुतली. म्या उचललं तिला. दवाखाना दीड कोस. गावात माझ्या दंडाचं नाव हुतं. दोन्हीकडच्या रानात माणसं खुरपत हुती, समदी बघत हुती. चारदा तिला बांधावर ठिवलं, हात झटकले, पुन्हा उचललं. हाक मारली न्हाय कुणाला." मग म्हणाले, "लई उशीर झाला."

चुलता टोपी काढून हातात धरून बसला.

मास्तर उठून पडद्याशी गेले. आधीच्या दोन्ही स्थळांच्या वेळी त्यांनी मुलीला काही विचारलं नव्हतं. आता आवाज खाली आणून म्हणाले, "बेटी, तू काय म्हणतीस?"

आत बांगड्या पुन्हा वाजल्या. मग आवाज आला, "पहले पानी पिलाओ उनको, अब्बा. हाथ कांपरै."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या उचलला. पेल्यात ओतताना तो त्यांच्याच हातात हलू लागला. रशीदने खालून हात लावला. मास्तरांनी लावू दिला.