हवालदाराच्या सात फेऱ्या

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुभेदार निकमांशी कोणी बोलायचं नाही, हा विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीचा नियम होता. कुपवाडच्या एका कारखान्यावर ते दिवसपाळीचे वॉचमन होते. पाचच्या सुमारास सायकल फाटकातून आत यायची, भिंतीला टेकायची आणि सुभेदार अंगणाच्या मधोमध सावधान उभे राहायचे. मग आरोळी : "हवालदार, हाजिर हो!"

की पायरीखालून एक करडा ससा सुटायचा आणि त्यांच्या पायांभोवती गोल गोल धावू लागायचा. धावताना घशातून घुर्र घुर्र असा आवाज. सुभेदार समोर बघत मोठ्यानं मोजायचे. सात फेऱ्या झाल्या की त्याला उचलून घ्यायचे, "शाबास! विश्राम!" त्यानंतर कोणी काहीही विचारावं. तोपर्यंत दूधवाला चरवी घेऊन फाटकाबाहेर थांबलेला असायचा.

"लय शिस्तीचं जनावर हाय, बाई," ते मला कुंपणावरून सांगायचे. "सातच्या खाली कवा आला न्हाई."

सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, खटाव बाजूचे. एकाहत्तरची लढाई करून निवृत्त झाले ते नोकरीसाठी सांगलीत आले. बायको ते सीमेवर असतानाच गेलेली. एक मुलगी, साताऱ्यात दिलेली, दिवाळीला दोन दिवस यायची. ससा त्र्याहत्तर साली माधवनगरच्या मिलमधल्या एका जोडाऱ्यानं गाव सोडताना त्यांच्या गळ्यात घातला होता. सुभेदारांनी त्याला आल्या दिवशी नाईक केलं आणि वर्षभरात हवालदारपदी बढती दिली.

घरातला सगळा कारभार पलटणीच्या भाषेत चाले. तांदूळ संपले की "राशन तुटलं", पोट दुखलं की "सिक रिपोर्ट". मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि पिशवीत कायम वही असते हे कळल्यापासून त्यांना एक नवं वाक्य मिळालं होतं. काहीही घडलं की कुंपणापाशी येऊन म्हणायचे, "कागदावर घ्या, बाई!"

मी कागदावर घेतलं, पण ते निराळंच. तोंडी तक्रारीवर माझा विश्वास नाही. हवालदाराच्या अकरा तक्रारी मी अनुक्रमांक घालून लिहिल्या आणि सुभेदारांच्या हातात दिल्या. वाळत घातलेल्या साड्यांवर मुताची पिचकारी, तीन वेळा. पोस्टमनच्या टाचेला चावा. मेथीचा वाफा. माझ्या चपलांवर हनुवटी घासणं. येता-जाता पायांभोवती फिरून माणसाला अडखळवणं. असं सगळं.

सुभेदारांनी चष्मा लावून, उभ्यानं, सगळा कागद वाचला.

"गुन्हे कबूल. नववा सोडून."

नववा म्हणजे पायांभोवती फिरणं.

"त्यो गुन्हा न्हाई, बाई. त्यो ओवाळतो."

मी हसले. ते हसले नाहीत. "लढाईवर जाताना मंडळींनी ओवाळलं हुतं. माघारी आलो तवा ओवाळायला कोन हुतं? मग ह्यो आला."

मला उपाय सुचतात, म्हणून मी उपाय सांगितला. गुरांच्या डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. नर सशाला खच्ची केलं की पिचकाऱ्या थांबतात, चावणं थांबतं, स्वभाव निवतो. नाहीतर गल्लीतली माणसं त्याला एक दिवस काठी घालतील, हेही मी सांगितलं. ते खरंही होतं. सुभेदारांना ते पटलं.

साल शहात्तर. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण, नसबंदी करून घेणाऱ्याला ट्रान्झिस्टर बक्षीस, आणि जो तो आपल्याला धरून नेतील या धास्तीत. सायकलच्या कॅरिअरला पाटी बांधून, पाटीत हवालदार घेऊन सुभेदार निघाले तेव्हा दूधवाल्यानं विचारलंच, "सुभेदार, केस म्हनून सशाला बी धरलं व्हय? ट्रान्झिस्टर तुमाला का त्याला?"

"तुझा नंबर लावून येतो," सुभेदार म्हणाले.

सूचना लिहून घ्यायला मीही गेले होते. डॉक्टर म्हणाले, "सुभेदार, मी बैल खच्ची करतो. घोडाही केलाय. ससा फक्त पुस्तकात वाचलाय."

"मग वाचलंय तसं करा. दोगंबी चाराच खात्यात."

ऑपरेशन नीट झालं. मी सूचना घेतल्या : टाके कोरडे ठेवायचे, खाली स्वच्छ फडकं, दहा दिवस पळू द्यायचं नाही, हिरवं गवत आणि पाणी, बाकी काही नाही. शेवटचे तीन शब्द मी अधोरेखित केले होते. कागद सुभेदारांनी खिशात ठेवला आणि घरी येऊन आपल्या वडिलांचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसला. गवत नाही, पाणी नाही, लेंड्याही नाहीत.

"काय चारलंत?" मी विचारलं.

"गूळ-तेलाचा गोळा. खच्ची केलेल्या बैलाला द्यायचाच असतो, बाई. आमच्या बापानं हर बैलाला दिला."

"केवढा?"

"ल्हान हाय म्हनून लिंबाएवढा."

डॉक्टरांनी त्यांना माझ्यादेखत झाडलं. सशाचं पोट बंद पडलं तर तो बैलासारखा चार दिवस काढत नाही, दिवसात जातो, म्हणाले. औषध दिलं, पोट चोळायला सांगितलं. सुभेदारांनी चार वर्षांत पहिल्यांदा रजा घेतली. दोन दिवस ते जमिनीवर बसून त्याच्या तोंडापाशी एकेक काडी धरत होते. "हुकूम हाय, हवालदार. खा." मग आवाज उतरवून, "खा की रं गड्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते कुंपणापाशी आले. हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर काळे मणी.

"नऊ लेंड्या! कागदावर घ्या, बाई!"

मी घेतल्या.

पुढं माझी यादी एकेक करून उतरू लागली. पंधरवड्यानं पिचकाऱ्या कमी झाल्या, महिन्यानं थांबल्या. चपला सुटल्या. पोस्टमन फाटकाच्या आत आला. हवालदार जाडसर झाला, दिवसभर पाय पसरून लोळू लागला. मी समाधानानं खुणा करत होते.

जखम भरल्यावर सुभेदारांनी हजेरी पुन्हा सुरू केली. पहिल्या दिवशी फेऱ्या सात. आठवड्यानं पाच.

"आजारातनं उठलाय. दम न्हाई," ते म्हणाले.

मग तीन. मग एक, तीही अर्धवट. मधेच थांबून तो पायरीखाली परत गेला. आणि एके दिवशी आरोळी झाली, पायरीखालून फक्त दोन कान दिसले आणि ससा काही बाहेर आला नाही. सुभेदार सावधान उभे. दूधवाला चरवी घेऊन उभा. मी खिडकीत. बऱ्याच वेळानं सुभेदारांनी स्वतःच "विश्राम" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते परस्पर डॉक्टरांकडं जाऊन आले. येताना हसत होते.

"ऐकलं का बाई? डॉक्टर म्हनला, ते ओवाळनं-बिवाळनं काय न्हवतं. नर माजावर आला की मादीभवती तसाच फिरतो आन् घुरघुरतो. मादी न्हाई म्हनून माझ्या पायाभवती फिरत हुता! सुभेदाराचं पाय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता ते गेलं. परत येत न्हाई म्हनला."

मीही हसण्याचा प्रयत्न केला. ते बराच वेळ कुंपणाची काठी धरून उभे होते.

"तीन वर्सं म्हंजे..." एवढंच म्हणाले, आणि आत गेले.

त्या दिवसापासून सायकल भिंतीला टेकली की ते सरळ दार उघडून घरात जात. दूधवाल्याला थांबावं लागत नसे. माझी यादी पुरी झाली होती, पण नवव्या आकड्यापुढं खूण करायला माझा हात गेला नाही. ती तक्रार मी लिहायला नको होती.

थंडीतल्या एका रविवारी साडेदहाच्या सुमारास मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्यांच्याकडं गेले. वाफा या वेळी शाबूत राहिला होता. सुभेदार पायरीवर बसले होते, उजवा पाय अंगणात लांब केलेला. मला बघताच त्यांनी तळहात वर केला.

"हळू."

हवालदार त्यांच्या पावलाला चिकटून लांब पसरला होता. हनुवटी पावलावर, डोळे मिटलेले. शेजारी कपातल्या चहावर साय धरली होती.

"कधीपासून?" मी कुजबुजले.

"आठापास्नं. मुंग्या आल्यात पायाला."

घराची सावली सगळ्या अंगणावर पडली होती. ऊन होतं ते तेवढ्या एका पट्ट्यात, जिथं त्यांचं पाऊल होतं. ते माझ्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलेलं बोलून टाकायची मला सवय आहे. तोंड उघडलंच होतं.

"उनाला बसलाय, ठावं हाय मला," सुभेदार माझ्याकडं न बघता म्हणाले. "पर डॉक्टरला इचारू नका."

मी जुड्या पायरीवर ठेवल्या आणि बाजूला बसले. थोड्या वेळानं ऊन वीतभर सरकलं. सुभेदारांनी श्वास धरला, आणि सशाची मान हलणार नाही अशा बेतानं, बोटभर बोटभर, पाऊल उन्हात सरकवत नेलं.