आठव्या खेपेला

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या तपासनीसांचे हात आजही आठव्या खेपेलाच गेले. बाकड्यावर उताणं पडून, डोळे गच्च मिटून ते वजनाचा बार वरखाली करत होते. सातव्या खेपेपर्यंत सगळं सुरळीत होतं. आठव्याला बार वीतभर वर गेला आणि कोणी बटण दाबल्यासारखे दोन्ही हात बंद पडले. डोक्याशी उभ्या असलेल्या व्याह्यांनी घाईघाईने बार धरला. त्यांनाही तो पेलेना. शेवटी जिमचा मालक धावत आला आणि तिघांनी मिळून तो एकदाचा खुंट्यांवर टेकवला.

"छान," व्याही धापा टाकत म्हणाले. "कालच्यापेक्षा छान."

तपासनीस नुसते हसले. पण मनात पाल चुकचुकली होती. उभी हयात त्यांनी लोकांचे विम्याचे दावे तपासण्यात घालवली होती. जळालेल्या दुकानात शिरले की ते आधी राख हुंगत आणि मग मालकाचं तोंड निरखत. आपोआप लागलेली आग त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मग हे हातच तेवढे आपोआप कसे थकतात? थकव्याची एक रीत असते. भल्या पाहुण्यासारखा तो फाटकाशी खाकरतो, जोडे काढतो, मग आत येतो. हा मेला थेट छातीवर येऊन बसत होता.

जिमची कल्पना लेकीची आणि जावयाची. दोघांच्याही वडलांची रक्तातली साखर वाढलेली, तेव्हा दोघांनी जोडीने जावं, एकमेकांवर लक्ष राहील, असं त्यांनी ठरवलं. लक्ष राहिलं, पण ते असं. व्याही दातांचे डॉक्टर होते. अंगाने काडी, पण दहा खेपा हसतमुखाने काढायचे आणि उठून शर्ट नीट करायचे. मुलीच्या सासऱ्यासमोर रोज छातीवर लोखंड घेऊन पाय झाडायचे, ही गोष्ट तपासनीसांच्या जिवाला लागली होती.

पहिला संशय त्यांनी वजनांवर घेतला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा टॉवेलात गुंडाळून ते जिममध्ये गेले आणि कपडे बदलायच्या खोलीत एकेक चकती काट्याला टांगून पाहू लागले. वजन बरोबर निघालं. चकती पिशवीवर टेकवून ते काटा गुंडाळत होते, एवढ्यात दारात मालक उभा. घरी थोडा सराव करावा म्हणत होतो, असं तपासनीसांच्या तोंडून निघून गेलं. मालकाने ती चकती शांतपणे उचलली आणि वजनं घरी नेत नसतात काका, एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तपासनीस निघाले की तो काही ना काही निमित्त काढून त्यांची पिशवी हातात घेऊन पाहायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडणाऱ्या माणसावर ही पाळी आली.

दुसरा संशय स्वयंपाकघरावर. रक्तातल्या साखरेचं निमित्त करून बायको ताटातलं काही कमी तर करत नाही ना, असं त्यांनी आडून विचारून पाहिलं. बायकोने त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि उत्तर द्यायची गरज नाही असं ठरवून ती कपड्यांच्या घड्या घालू लागली.

मग एके सकाळी, नेमक्या आठव्या खेपेला, त्यांनी चुकून डोळे उघडले. वर व्याह्यांचा चेहरा होता आणि बार अडायच्या आधीच व्याह्यांचे दोन्ही हात त्यावर होते.

तपासनीसांना आता सगळं लख्ख दिसू लागलं: व्याही वरून बार दाबत होते. माणूस दातांचा डॉक्टर. आडव्या पडलेल्या, डोळे मिटलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून गुपचूप जोर लावणं हाच त्याचा धंदा. वरून 'अजिबात दुखणार नाही' म्हणायचं आणि दाढ हातात द्यायची. असल्या माणसाच्या ताब्यात आपण रोज सकाळी मान देतो.

खात्री करायला त्यांनी मालकाला गाठलं आणि हात असे एकाएकी जाऊ शकतात का, म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं. मालक उत्साहाने सांगू लागला. स्नायूत हजारो धागे असतात काका, आणि सुरुवातीला सगळे कामाला लागत नाहीत. काही उचलतात, बाकीचे बसून असतात. हे दमले की ते उठतात. बार वर जातच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. खरं म्हणजे पहिल्या खेपेपासूनच माणसं कमी होत असतात.

"म्हणजे ऑफिससारखं," तपासनीस म्हणाले.

"बरोबर. खिडकी उघडी दिसते तोवर गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. शेवटचा कारकून उठला की खिडकी धाडकन बंद."

म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच तपासनीसांना ते पटलं नाही. फार नीट जुळणारा खुलासा आला की दावा खोटा, हा त्यांचा जुना अनुभव. शिवाय मालक आणि व्याही रोज हसून बोलायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइल समोरच्या कपाटावर पाण्याच्या बाटलीला टेकवून चालू ठेवला. आठव्या खेपेला हात गेले, नेहमीसारखी झटापट झाली, आणि तपासनीस पहिल्यांदाच आनंदाने घरी आले. चष्मा हाताशी नव्हता आणि चित्र बोटभर, तरी व्याह्यांचे हात बारवर गेलेले दिसत होते. तेवढं त्यांना पुरे होतं.

बायकोने हात जोडले. लेक त्या घरात नांदतेय, सासऱ्याशी भांडून तिला तोंडघशी पाडू नका, म्हणाली. तपासनीस म्हणाले, भांडायचं कोणाला आहे, पुरावा तेवढा समोर ठेवायचा.

रविवारी दोघं लेकीकडे जेवायला गेले. जेवणं झाल्यावर तपासनीसांनी जावयाला सांगितलं की आमच्या व्यायामाची एक गंमत काढलीय, मोठ्या टीव्हीवर लाव. व्याही चटकन उठले आणि आता कशाला, नंतर बघू, म्हणू लागले. त्यांचा चेहरा उतरला होता. दावेदाराचा असा चेहरा तपासनीसांनी खूपदा पाहिला होता. ते सोफ्यावर टेकून बसले.

पडद्यावर तपासनीस भिंतीएवढे दिसू लागले. पाच खेपा झाल्या. सहाव्याला व्याह्यांचे हात पुढे आले.

"बघा," तपासनीस म्हणाले. "आता बघा हं."

सगळे बघत होते. सातवी खेप झाली. व्याह्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, गुडघे वाकले, पाठ कमानीसारखी झाली. आठव्याला त्यांचे हात लटपटले आणि बार तपासनीसांच्या छातीवर उतरला.

विहीणबाई पुढे वाकून म्हणाल्या, "अहो, पण यांचे तळहात तर वर आहेत. हे उचलतायत की."

जावयाने पुन्हा लावलं. तपासनीसांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. व्याह्यांची बोटं बारच्या खालून होती. सहावी आणि सातवी खेप त्यांनीच वर नेली होती. आठव्याला कारकून उठला होता खरा, पण तो व्याह्यांच्या ऑफिसातला.

"म्हणजे माझ्या खऱ्या पाचच?" तपासनीसांनी हळू आवाजात विचारलं.

व्याही चोरी पकडल्यासारखे चटईकडे पाहत होते. पहिल्याच दिवशी पाचव्याला तुमचा चेहरा बघवेना, म्हणाले. सुनेने बजावलं होतं, बाबांना जपा म्हणून. वजन कमी करा असं सोयऱ्याला तोंडावर कसं सांगायचं?

"आणि खरं सांगू का व्याहीबुवा, आडव्या पडलेल्या माणसाला खरं सांगायची मला सवयच नाही."

लेक हसू दाबायला आत निघून गेली. बायको तपासनीसांकडे पाहत राहिली. त्यांना आरोप करायचा होता, हे निदान अजून कोणी बोललं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "तेच दाखवायचं होतं. एवढं कोण कोणासाठी करतं?"

सोमवारी तपासनीसांनी बारच्या दोन्ही बाजूंची एकेक चकती स्वतः उतरवली आणि दहा खेपा काढल्या. मग पुन्हा चकत्या चढवल्या, व्याही आडवे झाले आणि तपासनीस त्यांच्या डोक्याशी उभे राहिले. इतके दिवस हा काडीएवढा माणूस आधी आपलं लोखंड उचलून मग स्वतःचं उचलत होता, हा विचार काही त्यांच्या मनातून जाईना. व्याह्यांनी डोळे मिटले. नववी खेप जड जाऊ लागली तशी तपासनीसांनी हळूच खालून बोटं लावली. दहावी झाली, अकरावी झाली, बारावी तर फुलासारखी वर गेली.

व्याही उठून बसले. त्यांनी आपल्या दंडांकडे पाहिलं, बारकडे पाहिलं आणि मग तपासनीसांच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, काही केलंत का तुम्ही?"

"मी?" तपासनीस म्हणाले. "छे हो. मी तर खिडकीबाहेर बघत होतो."