हमीदाबींचं घर मागच्या युगात

पृथ्वीचं वय ठरवण्यासाठी माणसाने अपार कष्ट घेतले आहेत. रस्त्याची उंची ठरवायला मात्र त्याला अद्याप सवड झालेली नाही. सातपूरच्या आमच्या कॉलनीत जे घडलं, ते केवळ या सवडीच्या अभावातून घडलं; त्यात कोणाचाही दोष नाही. (दोष असता तर चौकशी झाली असती. चौकशी झालेली नाही.)

आमच्याकडे रस्ता मोठ्या निष्ठेने केला जातो. जुना उखडणं हा त्याचा अपमान समजला जात असल्यामुळे नवा थर त्याच्यावरच चढवतात. परिणामी दर निवडणुकीला रस्ता उंच होतो आणि कडेची घरं विनयाने खाली जातात. तळमजल्यावरच्या हमीदाबी लग्न होऊन आल्या, तेव्हा ओट्यावर पाय सोडून मेथी निवडत बसायच्या. आता त्यांना खिडकीतून फक्त चपला आणि टायर दिसतात. पाऊस पडला की गल्लीतलं सगळं पाणी, कोणताही भेदभाव न करता, त्यांच्या स्वयंपाकघरात येतं. गेल्या पावसाळ्यात त्यांचं शिलाई मशीन बुडालं, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांसकट.

यंदा उन्हाळ्यात पाइपलाइन फुटली आणि नेमका त्यांच्या दारासमोर खड्डा खणला गेला. दुसऱ्या मजल्यावरचे रंगनाथ गायधनी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, दूध आणायला निघाले होते. खड्ड्यात डोकावले आणि दूध विसरले. खड्ड्याच्या कडेत वरून खाली डांबर, खडी, पुन्हा डांबर, गुटख्याच्या पुड्या, पुन्हा डांबर, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल (डावी), आणि पार तळाशी, अंग चोरून बसलेली काळी माती.

"हमीदाताई, बाहेर या! मानवयुग सापडलं!"

"कोणाचं काय हरवलं होतं सर?" ओढणी सावरत हमीदाबी बाहेर आल्या.

सरांनी समजावून सांगितलं. माणसाने पृथ्वीवर इतकं काही करून ठेवलंय, की त्याच्या नावाने स्वतंत्र भूशास्त्रीय युग मानावं का, असा जगात वाद आहे. मध्यंतरी तज्ज्ञांच्या समितीने चक्क मतदान घेऊन 'नको' म्हटलं. (ही मंडळी सातपूरला आलेली नव्हती.)

"युग असू द्या हो सर. पण यामुळे रस्ता खरवडतील का?"

"खरवडतील म्हणजे? अहो, एकदाही खरवडला नाही याचा पुरावाच आहे हा! उद्या इंजिनिअर येतायत. मी बोलतो ना."

त्या दिवशी हमीदाबींनी खड्ड्याभोवती झाडून घेतलं. पाहुणे यायच्या आधी झाडतात तसं.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या इंजिनिअर निकिता मॅडम आल्या. तरुण, मन लावून ऐकणाऱ्या. सरांनी फूटपट्टीने एकेक थर दाखवत असं काही शिकवलं, की पाइप जोडणारे कामगारही हात थांबवून ऐकू लागले. "आपण सगळे गेल्यावरही लाखो वर्षं हे इथेच राहणार!" सरांचा आवाज भरून आला.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हणजे सर, हा आता रस्ता नाही?"

"रस्ता कसला घेऊन बसलात! भूस्तर आहे हा!"

"मग अडचण आहे. रस्ता आमच्याकडे येतो. भूस्तर येत नाही."

"अहो, पण..."

"शिवाय लाखो वर्षं टिकणारी वस्तू आम्ही खरवडली, तर जाब कोण देणार?"

"मॅडम, माझ्या घरात पाणी शिरतं," हमीदाबी म्हणाल्या.

"शिरणारच ना ताई. तुमचं घर मागच्या युगात आहे." हे त्या इतक्या आपुलकीने म्हणाल्या, की रागावायलाही जागा उरली नाही. "तरी सगळ्या कॉलनीने मिळून खरवडायची मागणी केली, तर बघू. काही दिवस गाड्या मात्र बाहेर लावाव्या लागतील."

खड्डा बुजला. हमीदाबी सरांना एवढंच म्हणाल्या, "सर, मला रस्ता लहान करून हवा होता. तुम्ही त्याला मोठा करून ठेवलात." सरांची मान खाली गेली. काही दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. पुढे ज्येष्ठ नागरिक संघात 'आपल्या दारातलं युग' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठरलं, तेव्हा नाइलाजाने पडले.

कॉलनीची सभा भरली. हमीदाबींविषयी एकमताने हळहळ व्यक्त झाली, चहा झाला. मग कोणीतरी विचारलं, "पण गाड्या बाहेर म्हणजे कुठे?" खरवडण्याऐवजी नव्या थराच्या बाजूने हात वर होऊ लागले. सरांचा हात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू वर गेला. (गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटर दारातच लागते.) हमीदाबी तो हात पूर्ण वर जाईपर्यंत बघत राहिल्या, मग उठून गेल्या. तज्ज्ञांनी मतदानाने नाकारलेलं युग आमच्या कॉलनीने मतदानाने मंजूर केलं.

नवा थर पडला. हमीदाबींनी भराव टाकून घरातली फरशी वर उचलली. त्यामुळे छत खाली आलं. पंखा काढावा लागला. त्यांचे यजमान अमीरभाई उंच. ते आता कंपनीतून आले की घरात वाकून चालतात. कॉलनीत त्यांच्या नम्रतेचं कौतुक होतं.

वाचकहो, तुम्हाला हमीदाबींबद्दल वाईट वाटलं असणार. तुम्ही चांगली माणसं आहात. तुमच्या गल्लीत नवा रस्ता झाला, तेव्हा तुम्हीही गॅलरीतून त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होतात. फोटो फार सुंदर आला होता. तळमजला त्यात आला नव्हता.