सातव्या घराचा आवाज

विनायककाका बाजारातून नेहमी दोन माठ आणायचे. एक पाण्यासाठी, दुसरा फोडायला.

दुसऱ्या माठावर ते अंगणात एकेक वीट रचत जायचे. माठ फुटला की विटांचा आकडा वहीत लिहायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आता कळलं." काय कळलं, हे विचारायची सोय नव्हती. दुपार जायची.

गंजाडच्या आमच्या पाड्यावर परतण्याआधी काकांनी तिकडे दक्षिणेत, फास्ट ब्रीडर अणुभट्टीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नळ्या फोडल्या होत्या. पेन्सिलीहून बारीक पोलादी नळी. भट्टीत तिच्यात इंधन भरतात. काकांनी रिकामी नळी तापवायची आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा, ती फुटेपर्यंत. "इथं फोडली की तिथं किती सोसेल ते कळतं."

मी अणुऊर्जेविरुद्ध पत्रकं लिहायचे. आजही लिहिते. एक पत्रक त्यांनी लाल पेनाने तपासून परत दिलं. "तिसरा परिच्छेद दाबाखाली टिकत नाही, पत्रकवाली. सहाव्या ओळीला फुटतो." मी तणतणत घरी आले. सहावी ओळ पाहिली, तर ऐकीव गोष्ट मी खरी म्हणून ठोकून दिली होती. ओळ काढली. बाकीचं पत्रक छापून पहिलं त्यांच्याच दारात टाकलं.

२०१८ सरता सरता डहाणू-तलासरीची जमीन हादरायला लागली. काकांनी पाड्यातल्या सहा घरांना आवाज वाटले. आमच्या दाराला पितळी घंटा, शेजारी घुंगरू, पलीकडे थाळी आणि पळी. धक्का बसला की आपापलं वाजवायचं, म्हणजे घरातले सगळे सुखरूप.

"काही भट्ट्यांमध्ये नळ्यांच्या प्रत्येक जुडग्यात वेगळ्या खुणेचा वायू भरतात," काका म्हणाले. "गळला की कुठलं जुडगं ते लांबूनच कळतं."

"पण तिथे बिघडल्यावर कळतं. तुम्ही तर धड असल्यावर वाजवायला सांगताय."

"म्हणून तर ही पद्धत जास्त चांगली."

एका दुपारी त्यांच्या ओट्यावर आमचं असंच जुंपलेलं असताना धक्का बसला. कपातला चहा बशीत आला. मग घुंगरू वाजलं, थाळी वाजली. काका बोटं मोजत होते. पाच झाली. सहावं बोट तसंच वर राहिलं. आमची घंटा वाजत नव्हती. घरात आई एकटी होती, दोन्ही गुडघ्यांनी अधू.

मी उठेपर्यंत काका अंगणाबाहेर धावत निघाले होते, एका पायात चप्पल.

दार सताड उघडं. घर रिकामं. घंटा जागेवर नाही. तेवढ्यात ती वाजली, लांब चिकूच्या वाडीत, आणि वाजत वाजत जवळ आली. शेळीच्या गळ्यात होती. मागून आई काठी टेकत.

"सारखी सुटते मेली. सापडायला बरी म्हणून बांधली," आई म्हणाली. "तुम्ही का धापा टाकताय?"

काका उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "वहिनी, शेळीला वेगळा आवाज देतो."

मी इतकी हसले की रडूच आलं.

संध्याकाळी वाटेत पडलेली त्यांची चप्पल द्यायला गेले. आमच्या घराच्या कुडाच्या भिंती धक्क्याला वाकतात. काकांचं घर सिमेंटचं. खिडकीपासून वर तडा गेलेला, त्याच्या कडेला पेन्सिलीने रोजच्या तारखा. आणि दाराशी काहीच टांगलेलं नव्हतं.

"तुमचा आवाज कुठाय?"

"मी मोजणारा. माझं मोजायला कोण बसलंय?" काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

मी हे आईला सांगितलं. तिने जुना तवा आणि उलथनं माझ्या हातात दिलं.

पुढच्या धक्क्याला आई अंगणात उभी राहिली. सहा घरं वाजली, सातवं गप्प. ती काठी उचलणार, तोच काकांचा तवा वाजला.

"ऐकलं हो," आई ओरडली.

एकदा पुरे होतं. काका बराच वेळ वाजवत राहिले.