बेडकाच्या तळ्याची इंग्रजी पाटी

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, रस्ता मलाही ठाऊक नाही, फुगाजी नावाचा बेडूक राहायचा. त्याचं एक तळं होतं. एकच. उन्हाळ्यात दुसरीकडे थेंब नसायचा. फुगाजीचं अख्खं खटलं त्याच पाण्यावर जगायचं.

त्या वर्षी जंगलात इंग्रजी पाट्यांचं वेड आलं. उंदराच्या बिळावरसुद्धा पाटी. मग फुगाजी मागे राहतोय होय?

तो गेला पोपटसरांकडे. सर साहेबाच्या पिंजऱ्यात शिकलेले.

सर म्हणाले, "दोन तऱ्हा आहेत. 'द फ्रॉग्ज पाँड' म्हणजे बेडकाचं तळं. 'अ पाँड ऑफ द फ्रॉग्ज' म्हणजे बेडकाच्या पुष्कळ तळ्यांपैकी हे एक."

फुगाजीचा गळा टम्म फुगला. "दुसरं लिहा."

"अहो, आपलं एकच आहे ना," बायको गोदी म्हणाली.

"तुला इंग्रजीतलं काय कळतंय? तू माश्या पकड."

"पकडते. पण पाणी आपण मराठीतच पितो, एवढं ध्यानात ठेवा."

पाटी झाली. पाटी म्हटली की उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटलं की प्रमुख पाहुणे आले. फुगाजीने थेट हत्तीअण्णांना बोलावलं. अण्णा वीस वर्षं सर्कशीत होते. इंग्रजी फाडफाड वाचायचे.

अण्णा आले घामाघूम. शाल अंगाला पुरेना, शेपटीला बांधली. नारळ फोडायला दिला, तो त्यांनी गिळला. टाळ्या झाल्या.

पाहुण्याला पाणी विचारायची तर रीतच. फुगाजी वाकून म्हणाला, "घ्या ना अण्णा. लाजू नका."

अण्णांनी दोन घोट घेतले. मग पाटी वाचली. "अस्सं. पुष्कळ आहेत होय? मी उगीच सोंड आखडून पीत होतो."

आणि ओढलं की हो सगळं. खाली नुसता चिखल. चिखलात पोरंटोरं, मधोमध गोदी.  

"गोड होतं," अण्णा म्हणाले. "बाकीची कुठंयत?"

एकच होतं, असं सांगायला फुगाजीची जीभ उचलेना. एरवी माशी दिसली की वीतभर बाहेर यायची. सगळं जंगल बघत होतं, पोपटसरही.

"ही काय, इथंच," म्हणत तो टुणटुण निघाला. मागे अण्णा.

गोदीने पोरं गोळा केली आणि अण्णांच्या पाठीवर चढली.

"तू कुठं?" फुगाजीने विचारलं.

"पाणी जिथं, तिथं आम्ही. तुम्ही चाला पुढं."

तात्पर्य: तळं एकच असलं तरी पाटी पुष्कळांचीच लावावी. फक्त उद्घाटनाला पाहुणा अडाणी बोलवावा.